मुंगीची बॅग

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय दादा,

कसा आहेस? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण जिना चढून आली की कुणी विचारायच्या आत "मला काही झालेलं नाही" असं जाहीर करते. तू बनवून दिलेली कवळी तिला अजून चपखल बसते. शेजारच्या काकूंना आपली तीनदा बदलावी लागली, त्यामुळे आईची मान ताठ.

माझी मुंगी चार वर्षांची झाली. प्रश्न विचारून विचारून डोकं खाते. तब्येत ठणठणीत आहे. हे तुला आधी सांगायला हवं होतं, नाही का?

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तू आईशी बोलतोस आणि मी फोन घेतला की "कामात आहे" म्हणून ठेवतोस. आणि खरं सांगायचं तर माझीही जीभ रेटली नसती. चार वेळा पत्र लिहायला बसले आणि चारही वेळा उठून कपड्यांच्या घड्या घालत बसले.

मागच्या महिन्यात दुकानात काय झालं ते सांगते. आमच्या औषधांच्या दुकानात एक निवृत्त मास्तर येतात, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. या वेळी लेकीचा हात धरून आले, घरात चक्कर येऊन पडले होते म्हणे. लेक काउंटरवरच तोंडसुख घेत होती. "अकरा दिवस गोळी घेतली नाही यांनी! आणि विचारलं की म्हणायचे, घेतली."

मास्तर ओशाळले. "अगं, मला खरंच घेतल्यासारखं वाटत होतं."

मी विचारलं, "काका, गोळ्या ठेवता कुठे?"

"दाढीच्या आरशापाशी. बावीस वर्षं तिथेच."

"आता नाहीत," लेक म्हणाली. "घर आवरताना मी कपाटात ठेवल्या. सांगितलं होतं मी यांना."

मी म्हटलं, "परत आरशापाशी ठेवा हो. पाकीट दिसलं की त्यांचा हात आपोआप जातो. पाकीटच उचललंत, तर त्यांना आठवण करून द्यायला उरलं काय? यात त्यांची काय चूक?"

अगदी सहज बोलून गेले. मग पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली, तर मला अक्षरं लागेनात. मागच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसले.

दादा, मी त्या दिवसाबद्दल लिहितेय.

वर्षभर तू कामावर जाताना मुंगीला पाळणाघरात सोडायचास. तिची बॅग तुझ्या शेजारच्या सीटवर आणि मागून तिची अखंड बडबड. त्या सकाळी ती सर्दीने बेजार होती. मी तिला औषध पाजलं. त्याने झोप येते, हे दुकानात दहा जणांना मीच बजावते. तुला सांगायचं राहिलं. तू आत चष्मा शोधत होतास, तेवढ्यात मी तिला मागे बसवून पट्टा लावला. तेव्हाच तिचे डोळे मिटत होते. तिची पाण्याची बाटली गळत होती. सीट भिजेल म्हणून बॅग मी डिकीत टाकली.

बॅग पुढे नव्हती, दादा.

शेजारी बॅग नाही, मागून आवाज नाही. पाळणाघराला सुट्टी असली की तू तिकडच्या वळणावरून जसा सरळ कामावर जायचास, तसाच त्या दिवशीही गेलास, आणि ती बंद गाडीत मागे झोपलेलीच राहिली. तुमच्या दातांच्या लॅबच्या आवारात झाडणाऱ्या मावशींना काचेआडून रडणं ऐकू आलं आणि दिवस ढगाळ होता, म्हणून पोरगी वाचली.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं होतं. तू भिंतीला टेकून खाली बसला होतास आणि मुंगीचे बाबा तुझी कॉलर धरून ओरडत होते, "पोरीची बॅग शेजारी ठेवून पोरीला विसरलास?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढेच ठेवली होतीस ना?"

त्याआधी अर्धा तास, तिचे कपडे काढायला मीच तुझ्या गाडीची डिकी उघडली होती. बॅग माझ्या खांद्यावर होती.

मी मान हलवली. हो म्हणून.

तू माझ्याकडे पाहिलंस. वाटलं, आता म्हणशील, "नव्हती." पण तुला आठवतच नव्हतं. तू एवढंच म्हणालास, "असेल. मला दिसली नसेल." त्यानंतर आई तुला काय काय बोलली, ते मी ऐकून घेतलं. तू गाडी विकलीस, दुसऱ्या गावात काम शोधलंस, तेही पाहत राहिले. बॅग समोर असून पोर विसरणारा माणूस, असं तू चौदा महिने स्वतःला समजत आलास. तू तसा नाहीस. कधीच नव्हतास.

मी खोटं का बोलले? भ्याले. "आई असून?" असं कुणी म्हणायच्या आत तू दोष अंगावर घेतलास आणि मी तो तुझ्या अंगावर राहू दिला. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

बुधवारी संध्याकाळी आईला आणि यांना समोर बसवून सगळं सांगितलं. हे उठून बाल्कनीत गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, "मी त्याला काय काय बोललो गं." आई रडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त म्हणाली, "पत्र लिही. फोनवर तो उलट तुलाच समजावत बसेल."

तेव्हा, दादा, समजावू नकोस. "जाऊ दे गं" म्हणू नकोस. रागाव. तो राग माझा हक्काचा आहे.

येत्या शनिवारी मुंगीला घेऊन मी येतेय, अकराच्या बसने. हेही यायचं म्हणत होते, पण मी म्हटलं, आधी त्याला विचारू. मामा दात बनवतो एवढंच तिला ठाऊक आहे. वाघाचे बनवता येतात का, हे तिला तुलाच विचारायचंय. मी तिला तुझ्या दारात सोडेन आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी फिरून येईन. तू नको म्हणशील, तरी सोडून जाईन. ही भरपाई नाही. तिला सोडून निर्धास्त राहावं असं दुसरं दार मला माहीत नाही.

आपलं ओझं तुझ्या खांद्यावर टाकून चौदा महिने मोकळी फिरलेली,
तुझी धाकटी