तांबट आळीच्या चित्राला उशीर का होतो आहे

नाशिक
कार्तिक वद्य पंचमी, रविवार

तीर्थरूप खंडेरावमामांच्या चरणी (गुडघ्यांचं दुखणं लक्षात घेऊन, तुम्ही आशीर्वादासाठी उठायचं नाही या अटीवर) भाचा रविराज याचा दंडवत. सुवर्णामामींनाही नमस्कार सांगावा. त्यांची साखर आटोक्यात असेल, आणि नसेल तर ती घरच्या बेदाण्यांमुळे वाढते हे डॉक्टरांना एकदा खरं सांगून टाकावं. यंदा दिवाळी झाली तरी पावसाने पाय काढला नाही, तेव्हा द्राक्षबागेवर डावणीचा रोग तर आला नसेल ना, या काळजीत आम्ही आहोत. (आमच्या काळजीचा बागेला काही उपयोग नाही, पण शहरातल्या माणसाकडे पाठवण्यासारखं दुसरं काही पिकत नाही.) इकडे उज्वला ठीक आहे. माझं काय चाललंय ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन हर्षल उचलतो.

फाल्गुनात तुमच्या धाकट्या निकिताच्या साखरपुड्यात, पंगत उठायच्या बेतात असताना, हर्षलने तांबट आळीतल्या तुमच्या गाळ्याच्या विक्रीचे कागद काढले. (बहिणीच्या साखरपुड्यात असले कागद खिशात घालून येणारा मुलगा आयुष्यात मागे पडणार नाही.) तुम्ही विडा गालात सरकवलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "आधी रविराजने त्या गाळ्याचं चित्र काढून द्यावं. ते पॅकहाउसच्या ऑफिसात लागलं की सही करतो. आधी चित्र, मग सही." निम्मं पिंपळगाव साक्षीला होतं. त्याला आता नववा महिना लागला. हर्षल दर मंगळवारी "दादा, झालं का?" असं मोबाइलवर विचारतो आणि शेवटी जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकतो. ते हात आठवड्यागणिक जास्त घट्ट होत चाललेत असा मला भास होतो. तेव्हा खुलासा करणं भाग आहे.

मुळात माझ्या धंद्याला काय अवकळा आली आहे ते तुम्हाला कोणी सांगितलं नसावं. शाळेत चित्रकला शिकवून उरलेले सगळे रविवार मी अकरा वर्षं जुन्या नाशकात घडीचं स्टूल टाकून बसतो. शाईने रेघा, त्यावर जलरंग. नियम एकच: जागेवर बसून जे दिसेल तेच काढायचं, अंदाजाने एक खुंटीसुद्धा नाही. म्हटलं, शहर जपावं. एकशे त्रेचाळीस चित्रं झाली. गेल्या महिन्यात त्या सगळ्या जागा पुन्हा फिरून आलो, तर साठ ठिकाणी आता पार्किंग आहे आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच ठिकाणी लोक पार्किंगची वाट बघत आहेत. आमचं प्रदर्शन झालं तेव्हा एका बिल्डरने डोळ्यांत पाणी आणून एक चित्र विकत घेतलं. ती इमारत त्यानेच पाडली होती. चित्र आता नव्या टॉवरच्या लिफ्टशेजारी लावलंय, टॉवरला जुन्या इमारतीचंच नाव दिलंय, आणि उद्घाटनाला मला शाल देऊन तो म्हणाला, "सर, तुमच्यामुळे वारसा टिकला." शाल चांगली उबदार आहे, तेवढं खोटं बोलणार नाही.

त्याहून पुढची गंमत एका सुनावणीत झाली. (कचेरीचं नाव लिहीत नाही, तिथे माझा एक दाखला अडकला आहे.) साहेबांनी माझं चित्र हातात धरून विचारलं, की इतकं हुबेहूब जतन झालेलं असताना मूळ इमारत ठेवण्याचं प्रयोजन काय? पाडायला निघालेला मालक माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होता. चित्रात मी वळचणीची कबुतरं काढली होती. तीही जतन झाली असं धरण्यात आलं. तेव्हापासून मामा, मी म्हणजे बिनशिक्क्याची नोटीस झालो आहे. एका घरमालकाने तर मला मुद्दाम बोलावून, शिरा खायला घालून, त्याच्या भाडेकरूंच्या दारासमोर बसवलं. मी निरागसपणे उंबरठ्याची रेघ ओढत होतो, आणि वरच्या मजल्यावर भांडी पोत्यात भरल्याचा आवाज यायला लागला. शिरा घशाखाली उतरेना. (उतरला. पण वेळ लागला.)

अशी कीर्ती घेऊन मी चैत्रात तुमच्या गाळ्यासमोर स्टूल उघडलं. पायरीवर चतुराबाई बसतात, मखमलाबादहून शेवंती-झेंडू घेऊन येणाऱ्या. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. "ओ चित्रवालं! तुमी बसलं का जेसीबी येतो. तिकडं नदीवर जा, नदी काढा. नदी कोन पाडनार नाय." मी म्हटलं, मावशी, मालकांनीच सांगितलंय. पुढच्या रविवारी माझ्या स्टुलाला लिंबू-मिरची बांधलेली होती, आणि ती माझं भलं व्हावं म्हणून नव्हती.

आता प्रत्यक्ष चित्राकडे येतो. पहिला कागद चिमाजीने घालवला. तुमचा भाडेकरू चिमाजी तांबट अजून दारातच बसून तांब्याच्या बंबावर ठोके घालतो. (बंब आता अंघोळीला कोणी नेत नाही, हॉटेलवाले कोपऱ्यात उभा करून त्यात छत्र्या ठेवतात. पण ठोका तोच.) तो ठोका जमिनीतून समोरच्या ओट्यात येतो, ओट्यातून स्टुलात, तिथून माझ्या मणक्यात आणि शेवटी निबेत. त्यामुळे तुमच्या माडीची एकही रेघ सरळ येईना, सगळे वासे भांड्यासारखे ठोके घालून मठारलेले दिसायला लागले. चिमाजीला दाखवलं, तर तो चष्मा वर करून म्हणाला, "बरोबरच आहे की. आमच्या आळीत सरळ काय आहे?" मग त्याने स्वतःला चित्रात शोधलं आणि म्हणाला, सांडशी मी डाव्या हातात धरतो, तुम्ही उजव्यात दाखवली. तो कागद बाद.

दुसऱ्या कागदावेळी सज्जावर एका भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर चढला. माझा नियम तुम्हाला माहीत आहे. जे दिसेल ते काढायचं, तर सज्जाच्या जागी भाऊंची दाढी काढावी लागली असती, आणि ती तुमच्या पॅकहाउसात कशी दिसली असती ते तुम्हीच ठरवा. वाढदिवस झाला. मग शुभेच्छांबद्दल आभाराचा बॅनर लागला. हर्षल म्हणाला, "दादा, मागचं अंदाजाने काढ ना." मी काढलं नाही. त्यातच चतुराबाईंना कुठून तरी तुमच्या शब्दाचा सुगावा लागला: चित्र पुरं झालं की गाळा जाणार, चिमाजी जाणार, त्यांची पायरीही जाणार. मला वाटलं आता बाई मला आळीतून हाकलणार. उलट त्या दिवसापासून माझी बडदास्त सुरू झाली. स्टुलावर सावली धरतात. चहा मागवतात. आणि चित्र जरा आकाराला आलं, की बरोबर त्याच वेळी फुलांवर मारायचं पाणी कागदावर सांडतं. "अगं बया! हात घसरला, सर. चला, आता नवीन काढा," असं म्हणून त्या मला स्वतःच्या पदराने कोरडा करतात. आषाढात त्यांचा हात दोनदा घसरला. मागच्या रविवारी पुन्हा. चिमाजीही आता दर खेपेला पोझ बदलतो, आणि मी निब बुडवली की मान वर न करता म्हणतो, "आज ऊन बरोबर नाही, सर." ऊन उत्तम असतं.

एकदाच त्याने सरळ विचारलं. "चित्र झालं की पुढं काय?" मी पन्नाशी उलटलेला, शिक्षक, भर वर्गात मुलांना खरं बोलायला सांगणारा माणूस. मी म्हटलं, "फ्रेम." तो हसला आणि बंबावर दोन ठोके जास्त घातले. तेव्हापासून त्याने पुन्हा विचारलेलं नाही, हे जास्त वाईट.

दोन रविवारांपूर्वी हर्षल एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाकडे मोजायची टेप होती. एक टोक त्याने चिमाजीच्या हातात दिलं, "काका, जरा धरा," आणि चिमाजीने स्वतःच्या दुकानाची रुंदी मोजू देण्यासाठी ते टोक, सवयीने, डाव्या हातात धरलं. मामा, अकरा वर्षांत मी बरंच काही पडताना पाहिलं, पण ते टोक पाहवलं नाही. मी माझ्या कामाला जतन म्हणायचो. आता हिशोब असा दिसतो की जे जे मी पुरं केलं ते गेलं, आणि माझ्या हातून वाचलेलं असं काही या गावात असेलच, तर ते मी अर्धवट सोडलेलं असेल. चित्रकाराने याहून मोठं काय कमवावं!

तरी प्रयत्न चालू आहेत. कळावे, आणि कळूनही लोभ राहिला तर उपकार मानीन.

तुमचा उशीर करणारा भाचा,
रविराज

ता. क. हर्षल फोटोवरून दुसऱ्या कोणाकडून चित्र करून घ्यायच्या विचारात आहे असं कानावर आलं. तसं चित्र समोर आलं, तर माडीच्या दुसऱ्या खांबावर एक खुंटी शोधा. नाशकात द्राक्षांच्या पेट्या उतरवून मुक्कामाला माडीवर यायचात, तेव्हा टोपी तिथे अडकवायचात, असं चिमाजी सांगतो. समोरून फोटो काढला तर ती विजेच्या मीटरमागे लपते. मी बसतो तिथून, मान जरा डावीकडे कलती केली, की दिसते. माझ्या चित्रात ती आहे (म्हणजे येईल).

ता. क. आणखी एक अडचण. सज्जाच्या फळ्यांवर आता चार रंगांचे थर आहेत आणि मूळचा कोणता ते चिमाजीलाही आठवत नाही. ते सांगू शकणारे फक्त तुम्ही. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, इथे बसून बोट दाखवावं लागेल. एखाद्या रविवारी दहाच्या सुमाराला याल का? हर्षलला त्रास नको, मी गाडी पाठवतो. स्टूल तुम्हाला देतो, मी उभा राहीन. तेवढं होईपर्यंत सही करू नका, एवढंच मागणं. बाकी सगळं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

ता. क. (अक्षर वेगळं दिसेल.) मामा, उज्वलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. चित्र श्रावणातच पूर्ण झालंय. गादीखाली आहे, फार सुंदर आहे, फळ्यांचा रंगही त्यात भरलेला आहे. फक्त खाली यांनी सही केलेली नाही. तेव्हापासून दर रविवारी कोरा कागद घेऊन जातात आणि कोराच परत आणतात. मागच्या रविवारी चतुराबाईंनी पाणी सांडलं तो कागदही कोराच होता, बिचारीने घाईत बघितला नसावा. मी यांना काही विचारत नाही, डबा भरून देते. सही करायचीच होती तर तुम्ही चित्राची अट कशाला घातलीत, हे मी तुम्हालाही विचारत नाही. रविवारी या. टोपी घालून या.

तुमची भाचेसून,
उज्वला