देवाजवळच्या खुंटीवरची माळ

बाई, तुम्ही देवाघरी जाऊन आता चाळीसेक वर्षं झाली असतील. काल नात औषधाच्या पाकिटातला कागद वाचत होती. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी एखादीच्या पायात रक्ताची गाठ होऊ शकते, आणि परदेशात बायकांनी त्यावरून कंपन्यांवर दावे लावलेत म्हणे. "आजी, तुमच्या वेळी कोणावर लावायचे?" तिनं विचारलं. मी भाजी निवडत राहिले. आमच्या घरानं तुमच्यावर लावला होता, हे तिला काय सांगणार?

पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून तुम्ही, आमच्या गावच्या नर्सबाई, कारंजाच्या दवाखान्यातून आईसाठी रंगीत मण्यांची माळ आणलीत. मी दहा वर्षांची, तुमची पिशवी धरून उभी. तुम्ही सांगता आहात, "पाळी आली का त्या दिवसापासून रोज एक मणी सरकवजो. लाल मण्याले जपजो, हिरव्याले भेव नाई." लाल मण्याच्या दिवसांत नवऱ्यापासून लांब राहायचं, हे मला फार पुढे कळलं. आई मान डोलावते आणि माळ देवाजवळच्या खुंटीला लावते. माळ म्हटल्यावर दुसरीकडे कुठे ठेवणार? पण ते चार दिवस आई पडवीत बाजूला बसायची, पाण्याच्या माठालाही शिवायची नाही, मग माळ कुठली? पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन ती पहिला मणी सरकवायची. म्हणजे मोजणी दर महिन्याला चार दिवस मागे. तिच्या ते ध्यानात आलं नाही, ठीक. पण बाई, तुम्हीही घरी बाजूला बसतच असाल ना? तुम्हाला कसं सुचलं नाही? याचं मला अजून नवल वाटतं.

हिरव्या मण्यावरच आईला दिवस गेले. बाळ राहिलं नाही. आई वाचली, पण वर्षभर भिंत धरून चालली. बाबांनी अर्ज केला की बाईनं फसवलं, भरपाई पाहिजे. चौकशीला साहेब आले, बाजेवर बसले, शेजारी बाबा आणि पाटील. आई आत पडून. साहेब मला विचारतात, "तुह्यी माय रोज मणी सरकवत होती का?"

"हौ, रोज."

तुम्ही खुंटीकडे बघता, मग हळूच मला विचारता, "त्या चार दिवसांत बी?"

"हौ."

आई त्या दिवसांत माळेला शिवत नव्हती, हे तुम्हाला उमगलं. मी तुमचा चेहरा पाहिला ना. एक शब्द बोलला असतात तर नोकरी वाचली असती, आणि बाबांनी आईला जन्मभर टोचून खाल्लं असतं. तुम्ही म्हणालात, "माह्यंच सांगाचं चुकलं असन, साहेब." पुढच्या महिन्यात गावात तुमच्या जागी दुसरी बाई आली. घरी जाऊन तुम्ही मला शिव्या घातल्यात का? घातल्या असतील तर बरं वाटेल मला.

आईला वाचवायला पोरगी खोटं बोलली, असं बाबांच्या माघारी आमच्याकडे सांगतात. मीही तसंच सांगत आले. आईनं त्यासाठी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. पण खरं सांगू? तीन पुरुषांसमोर त्या चार दिवसांचं बोलायची मला लाज वाटली, एवढंच. आईचा विचार माझ्या मनात आला तो तुम्ही बोलल्यानंतर.