लिफ्टमागचा खांब

प्रिय बाळ्या,

फोन उचलत नाहीस म्हणून मी रागावलेले नाही. रागवायलाही अंगात त्राण लागतं. दुपारपासून खिडकीशी बसून आहे, पाय स्टुलावर टाकून. साइटचे बूट धुऊन वाळत घातले आणि मग लक्षात आलं की आता ते घालायचेच नाहीत. माझी नोकरी गेली, हे तुला आईकडून कळलंच असेल. का गेली, ते मात्र तिला मी नीट सांगितलेलं नाही. तिला आपलं वाटतं, मी कुणाला तरी उलटून बोलले. तसं बोललेही, पण ते नंतर.

आपलं काम एकच, तरी इथली पद्धत सांगते. संगणकात अख्खी इमारत उभी असते, खांब, तुळया, आतल्या सळ्यांसकट. काँक्रीट ओतलं की तेवढा भाग लाल होतो. कुणीतरी जागेवर जाऊन हातोडीने ठोकून पाहायचं, यंत्र लावायचं, फोटो चढवायचा, आणि मग मी मंजुरी दिली की तो हिरवा. इमारत पडली की चौकशीत हटकून निघतं की न बघताच कुणीतरी ठीक आहे म्हणालं होतं. ते होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. पण मालकांनी तीच इमारत आपल्या केबिनमध्ये मोठ्या पडद्यावर लावून घेतली. आल्यागेल्याला चहा पाजत ते ती गोल फिरवून दाखवतात. झालं! तिथून जो तो हिरव्याच्या मागे लागला.

आमच्या गेटजवळ एक खांब आहे. इतका गुळगुळीत, इतका सरळ, की साइटवरची पोरं त्याला नवरदेव म्हणतात. एकदा फोटो तपासताना मला तिसऱ्या मजल्यावरच्या खांबावर निळ्या खडूने काढलेलं मांजर दिसलं. छान होतं, मिशा वगैरे. मग चौथ्या मजल्यावर तेच मांजर. मग पाचव्या. खाली जाऊन बघते तर मांजर नवरदेवाच्या पोटावर! वर चढायचा कंटाळा म्हणून पोरं याचेच फोटो काढून सगळ्या मजल्यांच्या नावावर घालत होती. मी आधी पोट धरून हसले. मग जिन्यावरच बसले, कारण त्यातले कितीतरी खांब तोवर हिरवे झाले होते आणि ते मीच केले होते.

मी सगळे पुन्हा लाल केले आणि एकेक ठोकत निघाले. बहुतेक चांगले निघाले, खोटं कशाला बोलू. तळमजल्यावर लिफ्टच्या मागे एक आहे, तो नाही. वरून सिमेंटचा लेप, आत मुरमुऱ्यासारखं काँक्रीट; बोटाने उकरलं तर सळई दिसली. दुरुस्त होतो रे तो. आधार देऊन, खरवडून, नवं आवरण चढवून. पण तोवर वरचं काम थांबवावं लागतं. साइट इन्चार्ज म्हणाले, मॅडम, एका खांबाने काय होतंय, बाकीचे आहेत की. मी म्हटलं, मग तो काढूनच टाका ना, जागा तरी मोकळी होईल. हेच ते उलट बोलणं. मालक नुसते हसले आणि म्हणाले, तुम्ही थकलाय, विश्रांती घ्या. त्यांचं एवढं मात्र खरं होतं.

मी थकलेच आहे. आपल्या कामात यश आलं की काहीच घडत नाही. लोक येतात, पडदे लावतात, भांडतात, म्हातारे होतात. कुणी दार वाजवून सांगत नाही की बाई, आज पण पडली नाही हं. मला कुणी ते सांगायला यावं असंही नाही. तुला मी पहिल्यांदा साइटवर नेलं तेव्हा दिवसभर ठोकून ठोकून तुझ्या मनगटाला सूज आली होती, आणि घरी आल्यावर तू जेवणाचं ताटही ठोकून बघत होतास. आई वैतागली होती. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता, सांगायचं राहिलं.

काल आईचा फोन आला. किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला. तुला मोठ्या इमारतीवर काम मिळालं म्हणाली, तपासणीचं, सोमवारपासून. तिने इमारतीचं वर्णन केलं आणि मला कळलं की तू फोन का उचलत नाहीस. बाळ्या, खुर्ची माझी होती म्हणून संकोचू नकोस. घरी तान्ही पोर आहे, तू किती महिने दारोदार फिरलास ते मी पाहिलंय. नोकरी घे. बांधकाम परवानगीच्या कार्यालयात मी तक्रार दिली आहे, पण ते येतील तेव्हा येतील. त्याआधी तो खांब तुझ्यासमोर येईल. तुझ्या मागे उभं राहून कुणीतरी गोड बोलेल. मालकांना कुणीही चाललं असतं, त्यांनी तुलाच का बोलावलं असेल, याचा विचार कर. मंजुरी दिली की संगणकातल्या खांबाखाली फक्त आडनाव उमटतं, आणि ते आपलं एकच. पाहणाऱ्याला वाटेल, अखेर ताईच वळली.

तुझीच,
अजून न वळलेली ताई