पैलवानांच्या फोटोला लावलेलं कुंकू

आई, खंडाळ्याकडच्या त्या पैलवानांचं पाकीट परवा आलं. तेच, ज्यांच्या फोटोवरून मी तुला नको नको ते बोलले होते. वय नव्वदीच्या घरात आहे, पण सही अजून पाय रोवून केलेली.

तुला आठवत असेल, तालमीत आम्हा मुलींना पाय ठेवायची सोय नव्हती. मग मी पैलवानांनाच घरी बोलवायचे, पोस्टानं. वर्तमानपत्रातला फोटो कापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, सोबत सही मागणारं दोन ओळींचं पत्र आणि आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. लंगोट खुंटीला टांगलेले पैलवान निवांत असतात, उत्तरं देतात, हा माझा शोध. "पोरीच्या जातीनं पैलवानांस्नी पत्रं लिवायची? लोकं काय म्हणत्याल?" असं म्हणत म्हणत तूच चुलीवर मैद्याची खळ शिजवून द्यायचीस, आणि तीत गुठळी राहू नये म्हणून माझ्यापेक्षा तुझीच धडपड जास्त.

पहिलं उत्तर आलं तेव्हा मी शाळेत होते. घरी येते तर फोटो देव्हाऱ्यात, पैलवानांच्या कपाळावर ओलं कुंकू, आणि त्याचा ओघळ थेट शाईच्या सहीत. नवा विळा असो की माझी पुस्तकं, घरात आलेली वस्तू हळदकुंकवाशिवाय तू कधी वापरू दिली नाहीस. पण माझा तोल सुटला. "जित्या माणसाच्या फोटूला कुंकू लावत्यात व्हय? मेल्यात काय ते?" तू घाबरून पदरानं पुसायला गेलीस आणि उरलीसुरली सहीही गेली. "चुकलं गं बाय. मला वाटलं, लय मोठा माणूस घरात आलाय," एवढंच म्हणालीस. मी दोन दिवस अबोला धरला.

पुढं प्रत्येक पाकीट तू कोपऱ्याला धरून, हात लांब करून द्यायचीस. "घे बाय, म्या आत हात न्हाई घातला." मी हसायचे. ते हसणं आता आठवलं की लाज वाटते.

तशी मजेत आहे मी. मिरजेच्या घरात सह्यांच्या दोन पेट्या आहेत. नातीला वाटतं आजीच पैलवान होती, आणि मी ते खोडून काढत नाही. निवृत्त झाल्यावर पुन्हा पत्रांच्या मागं लागले. या पैलवानांना नवा फोटो पाठवला आणि सगळं लिहिलं: कुंकू, ओघळ, माझं तोंड.

सहीसोबत त्यांची चिठ्ठी आहे. "माझ्या जोडीचं समदं गेलं, मी एकटा हाय. तुमच्या आईनं कुंकू लावलं म्हणूनच टिकलो आसंन. त्यांस्नी नमस्कार सांगा, आन् एकदा घिऊन या."

फोटो देव्हाऱ्यात ठेवलाय. कुंकू मीच लावलं, कोरडं, सही सांभाळून.

आता खरं सांगते. तू गेल्याचं मी त्यांना लिहिलंच नव्हतं. "आई घरीच असते, खळ अजून तीच शिजवते," असं लिहून बसले. जित्या-मेल्यातलं कळत नाही म्हणून तुला बोलले होते ना? आज त्यांना खरं कळवायला कागद घेतला, आणि हे तुलाच लिहून झालं. त्यांना अजून काही कळवलेलं नाही.