खांद्यावर फळी घेतलेला माणूस

मी, केरू धोंडीबा बनसोडे, वय वर्षे अठ्ठावन्न, धर्म बौद्ध, एस.टी.चा सेवानिवृत्त वाहक, राहणार सांगली, सध्या मुक्काम मिरजेतील एका इस्पितळाचा पुरुष विभाग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या खुशीने लिहीत आहे. उद्या माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. कोणी दडपण आणलेले नाही. उलट माझी थोरली बहीण आक्काताई "असलं अभद्र लिहू नगंस" म्हणून कालपासून माझ्याशी धड बोललेली नाही. वकीलसाहेब म्हणाले की ‘माझी स्मरणशक्ती शाबूत आहे’ हे वाक्य घालावेच लागते. म्हणून घालतो. पण एका गोष्टीत माझ्या स्मरणशक्तीचा मलाच भरवसा नाही आणि ती गोष्टही पुढे येणार आहे. तेवढ्यावरून कोणी हा कागद खोटा ठरवू नये.

कलम १. सांगलीतील माझ्या दोन खोल्या आणि मागची मोरी माझी भाची, आक्काताईची लेक दीपमाला हिला द्यावी. ती कडेगावला शाळेत शिकवते. मला मूलबाळ नाही. माझी पत्नी शालूबाई चार वर्षांपूर्वी वारली. दीपमालेनेच तिचे शेवटचे केले. शेजाऱ्याने त्याच्या पत्र्याचे पाणी आमच्या भिंतीवर सोडले आहे. त्याबद्दल मी अकरा वर्षे भांडलो. दीपमालेने वाटल्यास पुढे भांडावे, नाही तर सोडून द्यावे. तो माणूस तसा वाईट नाही, पण ऐकत नाही.

कलम २. फंडाची आणि बँकेची जी काही शिल्लक असेल ती आक्काताईला. तिने ती लेकीला देऊन टाकू नये, स्वतःचे दात करून घ्यावेत.

कलम ३. माझी शिट्टी, खाकी कोट आणि जेवणाचा डबा सातारा डेपोचे चालक आप्पासो यांना. आम्ही सांगली–पुणे गाडीवर बरीच वर्षे एकत्र होतो. त्यांच्याकडे माझे एक पुस्तक आहे, पाणबुडीचे. ते परत दिल्याचे आप्पासो शपथेवर सांगतात. मला ते मिळाल्याचे आठवत नाही. ते पुस्तकही आता त्यांनाच राहू दे. फक्त "दिलं हुतं की गड्या" हे माझ्या माघारी म्हणत फिरू नये.

कलम ४. आता पुस्तके. ही विलायतेची चित्रांची पुस्तके आहेत, शर्टाच्या खिशात बसतील एवढी. वर रंगीत मुखपृष्ठ, आत काळी-पांढरी चित्रे, एका पानावर दोन किंवा तीन. बहुतेक दुसऱ्या महायुद्धाची. पुण्याला गाडी लागली की मी कॅम्पात फुटपाथवर जाऊन ती धुंडाळायचो. माझे इंग्रजी मॅट्रिकचे, त्यामुळे डिक्शनरी घेऊन वाचायचो. शालूबाई त्यांना ‘तुमची चिटुकली’ म्हणायची आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवायची. लोक समजतात मला लढाईचा नाद होता. तसे नाही. मी एकच पुस्तक शोधत होतो, आणि ते सापडेपर्यंत बाकीची ट्रंकभर झाली. ती सगळी दीपमालेला.

वाचणाऱ्याला कळावे म्हणून एक सांगतो. ते छापखानेवाले जुनी गोष्ट काही वर्षांनी पुन्हा छापतात. नंबर नवा घालतात, मुखपृष्ठ बदलतात, आतली चित्रे तीच ठेवतात. त्यामुळे हातातले पुस्तक आपण पूर्वी पाहिलेले की दुसरेच, हे ओळखताना माझ्यासारख्याचा फार घोळ होतो.

कलम ५. (हे कलम मी सकाळी लिहिले. दुपारी त्यातली व्यवस्था रद्द केली. हकीकत मात्र राहू दे.)

आमचे वडील धोंडीबा महायुद्धात इटलीत होते. लढणाऱ्या पलटणीत नव्हते. पूल बांधणे, रस्ते करणे, फळ्या वाहणे, असल्या कामाच्या कंपनीत होते. त्याच कंपनीत जत तालुक्यातला, आमच्याच शिवेवरच्या धनगरवस्तीतला अर्जुना मासाळ होता. गावात दोघांच्या पाण्याच्या जागा वेगळ्या होत्या, तिकडे दोघे एका थाळीत जेवत. पुढे एका नदीला पूर आला आणि बांधत आणलेला पूल वाहून गेला. अर्जुना तेव्हा पलीकडच्या काठाला होता. कंपनीला लगेच दुसरीकडे हलवले. वडिलांनी त्याला मेलेला पाहिला नाही आणि जिवंतही पुन्हा पाहिला नाही. सरकारचा कागद आला त्यात ‘बेपत्ता’ एवढेच होते. त्याची बायको दगडाबाई तेव्हा पोरसवदा होती.

वडील यापलीकडे लढाईचे काही बोलत नसत. सन चौसष्टमध्ये मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. असले एक पुस्तक घेऊन मी गावी गेलो. वडील निरक्षर. सहज म्हणून त्यांनी ते चाळायला घेतले आणि एका पानावर थांबले. नदी, तिच्यावर अर्धवट पूल, दोर, बंदुका घेतलेले सैनिक. वडिलांनी त्या चित्रावर अंगठा ठेवला आणि काहीतरी बोलले. काय बोलले, इथेच सगळे अडले आहे.

आक्काताई चुलीपाशी होती. ती आजतागायत सांगते, "बा म्हणाला, ह्यो अर्जुनासारखा हाय. सारखा!"

दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन वस्तीवर गेले. त्या वर्षी दगडाबाईच्या भावांनी तिचा पाट ठरवला होता. मंगळवेढ्याकडचा बिजवर होता, पोटापाण्याला बरा होता. इतकी वर्षे नाही नाही म्हणून शेवटी ती हो म्हणाली होती. वडिलांनी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरले. दगडाबाई सांगते, "धोंडीबा म्हणाला, ह्यो अर्जुना हाय." तिने पुस्तक ठेवून घेतले, आम्हाला तांब्यातून पाणी दिले आणि आठ दिवसांत पाट मोडला. पुन्हा लग्नाला उभी राहिली नाही. मेंढरे राखली, भावांच्या पोरांची लग्ने केली, कपाळाचे कुंकू ठेवले.

आक्काताईने वडिलांना याबद्दल कधी माफ केले नाही. "एका सबदापायी बाईचा जलम गेला," म्हणायची. वडील मान खाली घालून बसत. त्यांनी "मी असं म्हटलं" किंवा "तसं म्हटलं" हे कधीच सांगितले नाही. एकाहत्तर साली ते गेले.

दोन्ही ठिकाणी हजर असलेला मी एकटाच. आणि मला आठवत नाही. काही दिवशी ‘सारखा’ हा शब्द वडिलांच्या आवाजात स्वच्छ ऐकू येतो. काही दिवशी अजिबात येत नाही. घरातून वस्तीपर्यंत चालताना तो वाटेत सांडला, की घरीही नव्हताच, की आक्काने मागून घातला? म्हणून मी ते चित्र शोधत होतो; दगडाबाईकडे तिचे पुस्तक मागायला तोंड नव्हते. वाटायचे, ते पुन्हा समोर आले की वडिलांचे तोंडही आठवेल, आणि तोंड आठवले की शब्द आठवेल.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात ते सापडले. मुखपृष्ठ वेगळे, नंबर वेगळा. पण आत तीच नदी, तोच पूल. मी साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबल्यावर बाकावर बसून ते पान नीट पाहिले. चित्रात पुढे एक मोठा चेहरा आहे. सोनेरी केस, पिळदार मिशा, आणि तोंडाजवळच्या फुग्यातल्या बोलण्यावरून सार्जंट. निव्वळ साहेब! अर्जुना तर सोडाच, आपल्याकडचा कुठलाच माणूस तसा दिसणार नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिले. आप्पासोंना दाखवले. ते म्हणाले, "गड्या, हे दुसरंच पुस्तक असणार. न्हाईतर तुझा बा चष्म्याबिगर बघत असणार."

मी पुस्तक पिशवीत घालून दगडाबाईकडे गेलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिने आपले पुस्तक काढून दिले. पान तेच होते. पण त्या चित्राच्या जागी काही उरले नव्हते. चित्र केवढे, तर तळहाताखाली झाकेल एवढे, आणि तीस वर्षे त्यावर अंगठा फिरलेला. कागद पांढरा होऊन लव आल्यासारखा झाला होता. तिने विचारले, "पिशवीत काय हाय रं?" मी म्हणालो, "डबा." पुस्तक बाहेर काढायचा धीर झाला नाही. साहेबाचे तोंड तिला कसे दाखवायचे?

सकाळी मी लिहिले होते की हे दुसरे पुस्तक माझ्यासोबत जाळावे. ते रद्द.

कलम ६. आज दुपारचे. आक्काताई दगडाबाईला घेऊन मला भेटायला आली. आक्काने तिला आणावे याचेच मला आश्चर्य वाटले. गेल्या दिवाळीनंतर दगडाबाईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. आता तिला जाड भिंगांचा चष्मा आहे. कॉटवर माझ्या पायापाशी बसली आणि म्हणाली, "केरबा, उद्याचं काय हाय ते कळंना. म्हणून इचारती. तुजा बा काय म्हणाला हुता? तू हुतास न्हवं तितं?"

मी म्हणालो, "आठवत न्हाई, मावशी. खरंच न्हाई आठवत."

"बरं झालं. मलाबी न्हाई आठवत आताशा."

आक्का एकदम उसळली. "आवं, असं कसं? त्येच्यावर तुमी पाट मोडलासा!"

दगडाबाई म्हणाली, "आगं, ऐक. लगीन झालं आन चार म्हैन्यांत ह्यो गेला पलटणीत. मी एवडीशी. वर मान करून कवा बगितलंच न्हाई त्येच्याकडं. कागुद आला तवा सगळी रडली, म्याबी रडली, पर तोंड काय डोळ्याम्होरं येईना. आटरा-वीस वरसं तोंडच न्हाई नवऱ्याला! तुज्या बानं पुस्तक उगाडलं तवा मला तोंड घावलं."

"म्हंजी पुस्तकापायीच मोडला."

"मोडला. आन त्यो पाट मला नकोबी हुता. त्यो बिजवर लय खोकायचा. निमित्तबी झालं आन खरंबी हुतं. तुला कंचं पायजे ते घे."

आक्का माझ्याकडे पाहू लागली. मी तिच्याकडे. तेहेतीस वर्षे बहीणभावाने ज्या गोष्टीवर वाद घातला, तिचे आता करायचे काय, हे दोघांनाही कळेना.

मी उशाखालून ते पुस्तक काढले. म्हणालो, "मावशी, तुमचं पुसलं गेलंय. ह्यात ते चित्र शाबूत हाय. पर ते तोंड साहेबाचं हाय, आधीच सांगतो."

तिने पान उघडले, चष्मा वर-खाली केला. मी सार्जंटावर बोट ठेवले. तिने ते बोट बाजूला सारले.

"ह्यो कोन? ह्यो न्हवं. ह्यो बघ अर्जुना."

तिचे नख चित्राच्या अगदी मागच्या कोपऱ्यात होते. पुलाच्या टोकाला तीन-चार माणसे काढली आहेत. काढली आहेत म्हणजे नुसती रेघोट्यांनी. ज्वारीच्या दाण्याएवढी डोकी. त्यातल्या एकाच्या खांद्यावर फळी आहे आणि तो मागे वळून पाहतो आहे. तोंड म्हणजे दोन ठिपके आणि खाली एक रेघ. तीन वर्षे मी हे पान पाहत होतो. तो माणूस मला दिसलाच नव्हता. माझे वडील फळ्या वाहणाऱ्या कंपनीत होते हे मला माहीत असूनही.

"कसा बगतोय बघ," दगडाबाई म्हणाली. "आलो आलो म्हनतोय."

आक्काने तिच्या हातातून पुस्तक ओढून घेतले, खिडकीपाशी नेले आणि स्वतःचा चष्मा पदराने पुसून पाहू लागली. मला वाटले, आता ती ठिपक्यांवरून दोघांना झापणार. पण ती माझ्याकडे न वळताच म्हणाली, "केरू, आरं ह्यो तर आपला बा हाय."

"अर्जुना हाय त्यो," दगडाबाई म्हणाली.

"मान बगा की! बा अशीच वाकडी धरायचा मान."

"फळी घेतल्यावर समद्यांचीच हुती."

दोघींचा आवाज एवढा चढला की नर्सबाईंनी येऊन दटावले. मी पुस्तक परत मागून पाहिले. मला एकदा अर्जुना वाटला, ज्याला मी कधी पाहिले नाही. एकदा वडील वाटले. मग पुन्हा दोन ठिपके आणि रेघ.

तरी या कलमाने असे ठरवतो की ते पुस्तक मृत्युपत्रात धरू नये. मी ते आज जिवंतपणी दगडाबाई अर्जुना मासाळ हिच्या हातात दिले आहे. आक्काताईला हवे तेव्हा तिने वस्तीवर जाऊन पाहावे. दीपमालेने ट्रंकेतली बाकीची पुस्तके वाचण्याआधी एकदा नुसती पाहावीत, चित्रांच्या मागच्या बाजूला कोण कोण काय उचलून नेत आहे ते. मला वेळ मिळाला तर मीही पाहीन.

कलम ७. माझा विधी साधा, बौद्ध पद्धतीने करावा. अंमलबजावणी दीपमालेने करावी. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, म्हणून मागचे काही रद्द करायचे नाही. खाडाखोड आहे तिथे मी बाजूला सही केली आहे. वकीलसाहेब स्वच्छ प्रत करा म्हणतात. माझ्याने होणार नाही.

साक्षीदारांबद्दल: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये असा नियम वकीलसाहेबांनी सांगितला. त्यामुळे संध्याकाळी साक्षीसाठी आलेल्या आप्पासोंना शिट्टी, कोट, डबा आणि पाणबुडी यांवर पाणी सोडावे लागत आहे. कलम ३ मधील त्या वस्तूही दीपमालेकडे जातील. आप्पासो म्हणाले, "पाणबुडी माझ्याकडं नाहीच, तर सोडू काय?" दगडाबाईला पुस्तक आधीच मिळालेले आहे, त्यामुळे तिची साक्ष चालते. कागदात काय आहे ते तिला मोठ्याने वाचून दाखवले. "निमित्तबी झालं" हे तिने दोनदा वाचायला लावले आणि बरोबर आहे म्हणाली.

वरील मजकूर माझा आहे आणि साक्षीदारांच्या देखत मी खाली सही करीत आहे. त्यांनीही माझ्या देखत केली.

स्थळ: मिरज, जिल्हा सांगली
दिनांक: ११ फेब्रुवारी १९९७

(सही) केरू धोंडीबा बनसोडे

साक्षीदार
१. (सही) आप्पासो, चालक, सातारा डेपो
२. दगडाबाई अर्जुना मासाळ, वस्ती, तालुका जत. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

(अंगठ्याची शाई पुरती निघेपर्यंत आक्काताईने तिला पुस्तकाला हात लावू दिला नाही. स्वतः लुगड्याच्या पदराने पुसत बसली होती. — के. धों. ब.)