उतारावरचे घर आणि शून्याची पाटी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, धंद्याने बोर्ड रंगवणारा पेंटर, वय वर्षे एकाहत्तर, उतारावरच्या शेवटच्या घरात राहणारा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, वीसपासून उलटे आकडे म्हणायला लावले आणि शेवटी म्हणाल्या, "काका, घर खरंच सरकारला द्यायचं ठरलंय?" मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "मग दाखल्याचा जरा पुन्हा विचार करावा लागेल." पण दिला.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे शब्द रंगवले, स्वतःचे लिहिण्याची सवय नाही. वकिलांनी या मजकुरातले बरेच गाळायला सांगितले होते. कायद्याचे शब्द मी त्यांचेच ठेवले आहेत आणि गाळलेले पुन्हा घातले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. वारस.

मला एकच अपत्य, मुलगी. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. तिलाच मी या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी नेमत आहे. माझी पत्नी हयात नाही. पुढे जिथे 'ही' असे आले आहे तिथे तीच समजावी. वकील म्हणाले, कागदोपत्री असे चालत नाही. आमचे चाळीस वर्षे चालले.

कलम २. घराचे वर्णन.

दोन खोल्या व स्वयंपाकघर, मागे पत्र्याची कामाची खोली. चतुःसीमा अशी: पूर्वेस रस्ता. दक्षिणेस शिंप्याचे घर होते, ते कंपनीने विकत घेऊन पाडले, आता फक्त जोते आहे. उत्तरेस गॅसच्या प्लांटचे कुंपण. पश्चिमेस उतार संपतो तिथले खोलगट मैदान. मैदानही आता कुंपणाच्या आत घेतले आहे. त्यात एक लाकडी खुर्ची पडून आहे. ती शिंप्याच्या आईची.

खुर्ची तिथे कशी आली हे लिहिणे भाग आहे, कारण पुढची सगळी कलमे त्यावर आधारलेली आहेत.

प्लांटच्या उंच नळीच्या टोकाला ज्योत जळत असते. जमिनीतून आलेला जो गॅस वापरता येत नाही तो तिथे जाळून टाकतात. आम्ही तिला मशाल म्हणतो. मशाल लागल्यापासून या उतारावर अंधार झाला नव्हता. दिवा मालवला तरी भिंत नारिंगी दिसे, आणि वारा असला की खुंटीवरच्या कपड्यांच्या सावल्या हलत. इथे जन्मलेल्या मुलांना रात्र काळी असते हे पुस्तकातून शिकावे लागे.

त्या दिवशी संध्याकाळी, जेवणाच्या आधी, मशाल विझली. सगळे घराबाहेर आले. कोणी घाबरले नाही. उलट लग्नघर असावे तशी बोलणी सुरू झाली. शिंपी ओरडून म्हणाला, "अरे, बिल भरलं नाही वाटतं कंपनीनं!" तारे नीट दिसावेत म्हणून काही जण खाली मैदानात गेले, कारण रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड तिथे पोचत नाही. शिंप्याच्या आईला चालवत नव्हते, म्हणून त्याने तिला खुर्चीसकट उचलून नेले. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता, पण तो इथे अधूनमधून असायचाच. थोड्या वेळाने खालून कोणीतरी म्हणाले, "चला, वासही गेला."

ही खालून हाक मारत होती. "अहो, खाली या ना. केवढे तारे आहेत बघा."

मी मागच्या खोलीत रॉकेलमध्ये ब्रश धूत होतो. ब्रश वाळू दिले तर केस कडक होतात. मी म्हणालो, "आलोच."

तिने पुन्हा एकदा हाक मारली. मग सगळेच शांत झाले. तारे बघताना माणसे गप्प होतात असे मला वाटले.

मशाल पुन्हा पेटली तेव्हा मैदान उजळले आणि वरून सगळे दिसले.

ज्यांना उतार चढता आला ते वाचले. ही, शिंपी आणि त्याची आई आली नाहीत. पुढे अहवालात वाचले ते असे: तो गॅस न जळता सुटला तर विषारी, हवेपेक्षा जड, म्हणून खोलगटात साचतो. आधी वास येतो, मग नाकच मरते आणि वास गेला असे वाटते. मशाल विझल्याचे आत लगेच कळले होते. गॅसच्या विहिरींचे नळ बंद करायचे, की ते चालू ठेवून मशाल पेटवायचा प्रयत्न करायचा, हे ठरवणारा माणूस कंपनीचा होता. नळ बंद केले असते तर वर उत्तर द्यावे लागले असते. तो मशाल पेटवत बसला. आम्हाला सांगायचे की नाही हेही त्यानेच ठरवायचे होते, आणि त्याची तपासणी करणाराही त्याच्याच कंपनीतला, शेजारच्या टेबलावरचा.

कलम ३. निरीक्षक.

चौकशीला सरकारचे एक निरीक्षक आले. ते लबाड नव्हते, हे मी नमूद करतो. अहवाल देऊन परत जाताना ते माझ्या पायरीवर बसले आणि पाणी मागितले. मी विचारले, "साहेब, सगळं नियमात होतं असं तुम्ही लिहिलंत. मग माणसं कशी मेली?"

ते म्हणाले, "काका, माझ्याकडे तीन जिल्ह्यांतले प्लांट आहेत आणि मी एकटा. येतो कंपनीच्या गाडीतून, उतरतो कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये, हवा मोजतो कंपनीच्या मीटरवर. खाल्ल्या मिठाला जागणारा मी नाही हो. पण वेगळं मीठ मला देतंय कोण?"

मी म्हणालो, "इथेच कायमचा माणूस का नेमत नाहीत?"

"दोनदा प्रस्ताव गेला. राहायला सरकारी जागा नाही म्हणून परत आला."

ते पाणी पिऊन निघाले. त्या दिवसापासून हे घर मला वेगळे दिसू लागले.

कलम ४. घराची विल्हेवाट.

सबब, कलम २ मधील घर मी शासनास देत आहे, ते तेल व वायूच्या कामांवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकाने सहकुटुंब राहावे म्हणून. ऑफिस, गोदाम अथवा पाहुण्यांची सोय म्हणून ते वापरू नये.

हे मुलीला सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. ती म्हणाली, "सरकारला? बाबा, सरकार कुलूप लावेल आणि किल्ली हरवेल."

"मुदत घालतो. तीन वर्षांत कोणी राहायला आलं नाही तर घर तुझं."

"मला घराची पडलेली नाही. येणाऱ्या माणसाला मुलं असली तर? ती इथे झोपणार, या मशालीखाली?"

"झोपतील. मग तो नीट बघेल."

ती म्हणाली, "हे क्रूर आहे, बाबा."

"आपण राहिलोच ना. तू इथेच मोठी झालीस."

"म्हणूनच सांगते. बघून काय करणार तो? आई बघतच होती की. त्याला नळ बंद करता येणार नसेल तर तुम्ही नुसती आणखी चार माणसं मैदानाच्या काठाला आणून ठेवताय."

मी त्या दिवशी जेवलो नाही. तिचे खरे होते. म्हणून पुढच्या अटी तिच्या आहेत. मी फक्त अक्षर दिले आहे.

(अ) कंपनीला न विचारता, स्वतःच्या सहीने, विहिरी आणि प्लांट तात्काळ बंद करण्याचा अधिकार कायद्याने ज्याच्या हातात आहे अशाच निरीक्षकाला या घरात पाठवावे. तसा अधिकार नसलेल्या माणसाला इथे झोपायला लावू नये.

(आ) तो अधिकार वापरल्याबद्दल त्याची बदली करू नये. वकील म्हणाले, मृत्युपत्राने शासनाला असे बांधता येत नाही. मग विनंती समजावी. पण ती लेखी आहे.

(इ) त्याने आगाऊ न कळवता प्लांटमध्ये जावे, आणि मशाल विझली तर गावात प्रथम त्याने सांगावे, कंपनीने नव्हे.

मी कंपनीला चोर म्हणत नाही. माझ्या स्वयंपाकघरातही गॅसच जळतो. पण ज्याचा माल त्याचाच तराजू आणि त्याचाच तोलारी, असे किराणा दुकानातही आपण चालू देत नाही.

मुदतीत निरीक्षक न आल्यास घर मुलीकडे जाईल. तिने ते कंपनीला विकू नये. उतारावरची बाकी सगळी घरे कंपनीने घेतली आहेत. हे गेले की कुंपणालगत संध्याकाळी दिवा लावणारे कोणी उरणार नाही, आणि मग मशाल विझली काय नि पेटली काय.

कलम ५. ठेव व स्कूटर.

बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजातून निरीक्षकासाठी हवा मोजण्याचा मीटर घ्यावा आणि दरवर्षी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून आणावा. मूळ रक्कम मुलीची. माझी स्कूटरही निरीक्षकाला, म्हणजे त्याला कंपनीच्या गाडीत बसावे लागणार नाही. ती तिसऱ्या किकला सुरू होते. चौथ्यांदा मारू नये, रुसते.

कलम ६. घरातल्या वस्तू.

ब्रश, रंगाचे डबे आणि रंगवताना हात टेकवायची काठी मुलीने शाळेत न्यावी. तिचे फळ्यावरचे अक्षर उतरते आहे, मी पाहिले आहे.

स्वयंपाकघरातल्या खुंटीवर हिची शाल आहे. ती मी काढलेली नाही. मशाल वाऱ्याने हलली की तिची सावली भिंतीवर उठते आणि बसते. हल्ली मी ब्रश सकाळी धुतो. संध्याकाळी मागच्या खोलीत जात नाही, कारण तिथे खालून हाक ऐकू येते. मी भोळसट नाही. खाली कुंपण आहे आणि आत कोणी नाही, हे मला माहीत आहे. तरी मी "आलोच" म्हणतो. न म्हणता राहवत नाही.

शाल मुलीने न्यावी. निरीक्षकाच्या घरात ती राहू नये. त्या माणसाला झोप लागली पाहिजे.

कलम ७. कंपनीचे मोठे साहेब.

हिचे दिवस होतात न होतात तोच साहेबांनी मला बोलावले आणि कुंपणावरच्या 'सुरक्षा प्रथम' या अक्षरांना नवा हात द्यायला सांगितले. म्हणाले, "पेंटर, कामात मन रमेल." मी काम घेतले नाही. ती अक्षरे आता दुसऱ्या कोणीतरी केली आहेत आणि अंतर चुकले आहे. माझ्या अंत्यविधीला कंपनीकडून हार आल्यास घेऊन येणाऱ्या माणसाला चहा द्यावा, हार परत द्यावा. याशिवाय साहेबांबद्दल मला काही म्हणायचे नाही.

कलम ८. पाटी.

प्लांटच्या गेटवर 'अपघाताविना गेलेले दिवस' असा बोर्ड आहे. तो माझ्याच हातचा. त्याखाली हुकांवर आकड्यांचे पत्रे टांगतात. त्या आकड्यांबरोबर एक रुंद पाटीही मी रंगवली होती, सगळी हुके व्यापणारी, तिच्यावर अक्षरी 'शून्य'. अपघात झाला की आकडे उतरवून ती लावायची, असे नियमात होते.

हिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेटवर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. बोर्डावरचा आकडा एकाने वाढला होता. मी पहारेकऱ्याला विचारले, "हे काय?"

तो खाली बघत म्हणाला, "पेंटर, आपल्या कंपाउंडच्या आत कोणी गेलं नाही ना. साहेब म्हणाले, आकडा चालू राहू दे."

"आणि शून्याची पाटी?"

तो केबिनमध्ये गेला. पाटी पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली होती. रंग एका कडेला फुगला होता, बाकी अक्षर शाबूत. त्या दिवशी त्याने ती दिली नाही. निवृत्त झाला त्या संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली, आणि पिंपाला नवीन झाकण घेतले असे सांगितले. तो आजच्या कागदावर साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "द्यायचं ते जिवंतपणी द्या. चहा टाका."

ही पाटी मी निरीक्षकाला देत आहे. फुगलेला रंग खरवडून मी ती पुन्हा केली आहे. ती त्याने स्वयंपाकघरातल्या खुंटीवर टांगावी, शाल असते तिथे. ती कधी उतरवावी न लागो, अशी माझी इच्छा आहे. पण लागलीच, तर माणूस कुंपणाच्या आत पडला की बाहेर, हे कोणाला न विचारता त्याने ती गेटवर लावावी. बोर्डावरची हुके अजून त्याच मापाची आहेत. मी जाऊन बघून आलो.

येथे मजकूर संपला. वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

ठिकाण: राहते घर.
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे.

सही: लिहून ठेवणार, पेंटर

साक्षीदार १: डॉक्टरीण. लिहून ठेवणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत, माझ्याही पेक्षा.

साक्षीदार २: पूर्वीचा पहारेकरी. सही माझ्यासमोर झाली. पाटी पिंपावर होती, हे खरे आहे.