बहिरा सेट, ऐकता सेट

आई, आज माझ्या स्टुडिओत दोन माणसं एका धनगरणीवरून भांडली. दोघं शिकलेली, दोघं सभ्य, आवाज कुणीच चढवला नाही. तरी ते भांडणच होतं, कारण समोरचा चहा कुणी उचलला नाही. धनगरीण खरी नाही, व्हिडिओ गेममधली आहे. दुष्काळात मेंढरं घेऊन ती शहराकडं चालत येते. खेळणाऱ्यानं बटण दाबलं की ती हाक मारते आणि हाकेसरशी कळप वळतो. शेवटी तिला सगळा कळप क्रांती चौकातल्या गर्दीतून पलीकडं न्यायचा असतो. वाद एवढाच होता, की हा शेवटचा प्रसंग खेळणाऱ्यानं खेळायचा, की सिनेमासारखा नुसता बसून बघायचा. तुला हा प्रश्न नवा नाही. माझ्या माहितीत तो पहिल्यांदा तूच काढला होतास, गारखेड्यातल्या दुकानात, स्टुलावर बसून.

मेंढरं विकून आपण शहरात आलो त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. गारखेड्यात जिकडं बघावं तिकडं स्लॅब पडत होते आणि तू त्या बांधकामांवर पाट्या वाहत होतीस. मी टीव्ही दुरुस्ती शिकून एक गाळा घेतला होता. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं द्यायचो, पुढं टीव्हीला जोडायचे गेमचे सेटही ठेवले. संध्याकाळी हातपाय धुऊन तू दुकानात येऊन बसायचीस. मशीन तपासायला मी कुठली ना कुठली कॅसेट लावलेली असायची. तू सिनेमा बघायची नाहीस, सिनेमाशी बोलायचीस. "आगं मागं बघ की भवाने, दाराआड उभा हाय त्यो." ती भवानी काही मागं बघायची नाही. "घे, मर मंग." कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, शेजारच्या बिल्डिंगमधले अण्णा रोज आपल्याकडं फुकट पेपर वाचायला यायचे. एकदा त्यांनी चष्म्यावरून बघत तुला समजावलं, "अहो मावशी, सिनेमा आहे तो. तिला ऐकू येत नाही." तू म्हणालीस, "बहिरी हाय व्हय? मंग कामावर कशाला ठिवली?" अण्णांनी पेपर तोंडापुढं धरला, पण पेपर हलत होता.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक गेमचा सेट तपासून घेत होतं. पडद्यावर रंगीत चौकोनांचा एक बुटका माणूस पळत होता आणि पुढं खड्डा. "आरं खड्डा हाय म्होरं, उडी मार," तू म्हणालीस, आणि त्यानं उडी मारली. मारली खरं तर गिऱ्हाइकानं, पण तुझी नजर पडद्यावर होती. जरा पुढं तू पुन्हा सांगितलंस, त्यानं पुन्हा ऐकलं. तू स्टूल पुढं ओढून घेतलंस. माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "ह्यो ऐकतो रं." तेव्हापासून आपल्या दुकानात व्हीसीआर म्हणजे बहिरा आणि गेम म्हणजे ऐकता. गल्लीनं हे शब्द असे उचलले, की गाद्या भरणारे भाईजान पोराच्या वाढदिवसाला येऊन म्हणाले, "मेरेकू बहिरा नक्को, सुननेवाला होना." एका नव्या माणसाला मी सवयीनं विचारलं, "बहिरा देऊ का?" तर तो म्हणाला, "नको हो, आवाज नीट असलेलाच द्या."

मग गेम बदलले. आधी सीडीवर आले, चित्रं माणसांसारखी दिसायला लागली, आणि ते करणाऱ्यांना सिनेमाचा मोह पडला. खेळ मधेच थांबायचा, पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या, आणि इतका वेळ ज्याला आपण पळवत होतो तो आपल्या हातातून सुटून भाषण करायचा. तसला एक गेम मी दुकानात लावला होता. नायकाचा म्हातारा गुरू नदीवर बसलाय, मागून एक जण सुरा घेऊन येतोय. तू ओरडलीस. मी बटणं दाबत होतो, काही होईना. "दाब की रं." "आई, इथं दाबून चालत नाही. इथं गोष्ट आहे." मापात मारणाऱ्या वाण्याकडं बघावं तसं तू माझ्याकडं बघितलंस. "म्हंजी ह्यो बी बहिरा झाला. ऐकता म्हणून बहिरा खपवतो व्हय रं लेका?" अण्णा समोर बसले होते, म्हणून ते मला जरा लागलं. गेम मी केला नव्हता, मी फक्त भाड्यानं देत होतो. पण तुझ्या हिशेबी माल ठेवणारा आणि माल करणारा एकच.

आता मी करणाऱ्यांतलाच आहे. दुकानाच्या वर मजला चढवला, भिंतींना जाड गाद्या ठोकल्या, आणि तिथं गेमसाठी आवाज तयार करतो. पावलं, दारं, पाऊस, माणसं. शाळेनं मला फार दिलं नाही, कान तेवढे मिळाले, त्यावर निभावलं. कोणता आवाज कुठून आलाय हे मला डोळे मिटून कळतं. भुताच्या गेममधलं दार सिनेमातल्या दारासारखंच करकरतं. मालिकेत सुनेचं गुपित फुटलं, की सासूच्या तोंडावर कॅमेरा जाताना तीनदा धप्प होतं ना, तोच धप्प राक्षस समोर आला की गेममध्ये ऐकू येतो. हे मी नावं ठेवायला सांगत नाही. असले धप्प विकूनच वरचा मजला झाला. उसनं घेण्यात मला वावगं वाटत नाही. शेजारून विरजण तूही आणायचीस. पण दूध आपलं असायचं. शेजारणीचं पातेलंच उचलून आणलं, तर दही लागेल, पण ते आपण लावलं असं म्हणता येणार नाही. आजच्या भांडणात माझी बाजू कुठली, असं कुणी विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं. पण त्यांनी बाजू नाही विचारली, निकालच मागितला.

भांडणातली एक बाजू म्हणजे अण्णांची नात. तू पाहिलीस तेव्हा ती रांगत होती. आता इंजिनिअर आहे. नोकरी सोडून मित्रमैत्रिणींबरोबर तिनं हा गेम केलाय, आणि घरचे तिच्याशी फक्त जेवणापुरतं बोलतात. दुसरी बाजू म्हणजे गेमला पैसा लावणारे पुण्याचे साहेब. त्यांनी हात काढला, तर तिची सगळी मेहनत कपाटात जाणार, हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही. साहेब म्हणाले, "शेवटाला लोकांना रडू आलं पाहिजे. हात बटणांत अडकले तर माणूस रडणार कधी?" ती म्हणाली, "मग सिनेमाच काढा की सर. सिनेमे कमी पडलेत का?" "सिनेमानं नाटकातून घेतलं, नाटकानं कीर्तनातून. घेतल्याशिवाय कुणाचं भागलंय?" "घ्या ना. पण लोक इथपर्यंत तिच्या तोंडानं हाका मारत आले. आता शेवटी म्होरकी मेंढी मरायच्या वेळी त्यांना म्हणायचं, हात बाजूला ठेवा?" साहेब हसले. "तुमचे आजोबा कोर्टात होते असं कळलं. दिसतंय."

दोन्ही प्रकार तयार होते, म्हणून मी म्हटलं, आधी बघून घेऊ. पहिला सिनेमासारखा. बासरी, ट्रकचे दिवे, तपकिरी डोक्याची म्होरकी मेंढी हळूहळू मान वळवते, धनगरीण गुडघ्यावर. साहेबांनी चष्मा काढून पुसला. खोटं नव्हतं ते. बासरी मीच वाजवून घेतली होती आणि ती कुठं लागते हे मला ठाऊक होतं. मग तिनं दुसरा प्रकार लावला आणि बटणांचा खोका साहेबांच्या हातात दिला. यात बासरी नाही, फक्त चौकातले हॉर्न. दोन हॉर्नच्या मधे जागा सापडली तरच हाक मेंढरांपर्यंत पोचते. थोड्याच वेळात आपण साहेब आहोत हे ते विसरले. "ए, इकडं, इकडं. रिक्षा आहे गं बाई, रिक्षा." निम्मा कळप पार झाला. म्होरकी एकटीच पुढं निघाली होती, ती बरोबर सुटली असती, पण साहेबांना धीर निघेना. त्यांनी हाक मारली. तिनं ऐकली. ती मागं वळली आणि ट्रक आला.

साहेबांनी खोका टेबलावर असा ठेवला, की जणू तापलेला तवा. "माझ्यामुळं गेली का ती?" नात म्हणाली, "हो सर." साहेबांनी खोका आणखी लांब सरकवला. मग म्हणाले, "हे नको. सिनेमात गेली तेव्हा वाईट वाटलं, आणि ते वाटणं बरं वाटलं. इथं नुसतं चुकल्यासारखं वाटतंय. दिवसभर ऑफिसात तेच असतं. ते पुन्हा विकत कोण घेईल?"

मला त्यांचं बोलणं खोटं वाटलं नाही. हर्सूलच्या अलीकडचा रस्ता माझ्या डोळ्यांपुढं आला. तळं आटून त्याला भेगा पडल्यात. व्यापाऱ्याचा ट्रक उभा आहे, मागं फळी लावलीय, हमाल आपली मेंढरं वर ढकलतायत. तू कडेला उभी आहेस. एक कोकरू फळीवरून घसरतं आणि सवयीनं तुझ्या तोंडून हाक जाते. ट्रकात चढलेली सगळी मेंढरं वळतात आणि एकमेकांच्या अंगावरून खाली यायला लागतात. व्यापारी वाईट माणूस नाही. तो एवढंच म्हणतो, "मावशे, तोंड बंद ठिव, नायतर जायची नायत ही." तू पदराचा बोळा तोंडात धरतेस. ट्रक दिसेनासा झाला तरी बोळा तसाच असतो. मीच शेवटी म्हणतो, "आई, गेली." आपण त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

"तुम्ही सांगा," साहेब मला म्हणाले. "तुमचा कान आम्ही मानतो. तुम्ही म्हणाल ते ठेवू." नात माझ्याकडं बघत होती.  मी त्यांना ट्रकाचं काही सांगितलं नाही. मी दुकानातली गोष्ट सांगितली. दाराआडचा माणूस, बहिरी नटी, खड्डा, उडी, भाईजान. गोष्ट मला बरी सांगता येते. 'कामावर कशाला ठिवली'ला साहेब खळखळून हसले. मग मी म्हटलं, "माझी आई आज इथं असती, तर तिनं ऐकताच मागितला असता." साहेबांनी खोक्याकडं पुन्हा एकदा बघितलं. "ठीक आहे. मावशींच्या नावानं ठेवू. बासरी मात्र दुसरीकडं कुठंतरी घ्या, चांगली आहे." नातीनं निवून गेलेला चहा उचलला आणि एका दमात संपवला. गेम आता पुढच्या कामाला गेला. तिचं घरी कुणी अभिनंदन करेलसं वाटत नाही, पण तिची मेहनत कपाटात जायची वाचली.

आता जे त्या दोघांना बोललो नाही ते. उडीचा तो दिवस खराच होता, पण तो एकच. नंतर दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी रोज तुला विचारायचो, "आई, काय लावू?" दोन्ही सेट समोर असायचे. तू कधीही ऐकता म्हणाली नाहीस. "बहिरा लाव," म्हणायचीस, स्टुलावर मांडी घालायचीस आणि त्या बायांना पोटभर ओरडायचीस. दारं, सुरे, ट्रक, काहीही येऊ दे. तुझ्या ओरडण्यानं तिथं कुणी मागं वळत नव्हतं.

तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेलं पत्र मीच तुला वाचून दाखवायचो आणि त्यातलं नको असेल ते गाळायचो. हेही वाचून दाखवायची वेळ आली असती, तर 'माझी आई इथं असती तर' इथंच मी थांबलो असतो.